देवाच्या खात्याला हद्द

साळगण्याच्या वाचनालयात जाऊन कुणीही सारिका मेस्त्रीला "जरा वाढवून दी गो" असं म्हणून बघावं. आधी ती मान वर करणार नाही. मग करील, आणि चष्म्यावरून अशी बघेल की आपण जागा मागायला आलो होतो की तिच्या माडावरचे नारळ चोरायला, हेच माणूस विसरून जाईल.

"वीस म्हंजे वीस," ती म्हणेल. "सरपंचाक वीस, तुका वीस, माझ्या घोवाक वीस."

वीस म्हणजे वीस जीबी. वाचनालयाच्या मागच्या खोलीत एक मोठा कॉम्प्युटर आहे. मुंबईची नोकरी संपवून गावी परतलेल्या एका चाकरमान्यानं तो गावाला दिला. पुढच्या खोलीत त्याला जोडलेले पडदे मांडले आहेत. गावातल्या कुणीही आपल्या नावाचं खातं उघडावं, पासवर्ड टाकून बसावं आणि आपलं सामान तिथं ठेवावं. कुणाचे सातबारा, कुणाच्या काजूच्या कारखान्याची कागदपत्रं, पोरांचे शाळेचे प्रकल्प, होमस्टेवाल्यांचे फोटो, कुणाच्या लेकीच्या लग्नाचं शूटिंग. खाती वेगवेगळी असली तरी डिस्क सगळ्यांत मिळून एकच. एकानं पाय पसरले की दुसऱ्याला उठून उभं राहावं लागतं. म्हणून सारिकेनं प्रत्येकाला सारखी हद्द घालून दिली. वीस भरत आले की पडद्यावर पिवळी पट्टी येते आणि तीवर सारिकेनंच लिहिलेलं वाक्य दिसतं: "पोट भरला. जुना काय ता काढ, मगेच नवा घाल." हद्द थोडी ओलांडली तरी मशीन लगेच हाकलत नाही, आठवडाभराची मुदत देतं. त्या मुदतीत आवरलं नाही तर मात्र नवीन एक ओळसुद्धा ठेवता येत नाही.

तिच्या नवऱ्यानं, सुदेशनं, याचा अनुभव पहिल्याच वर्षी घेतला. सुदेश देवबागला पर्यटकांना होडीतून डॉल्फिन दाखवायला नेतो. डॉल्फिन तेच, समुद्र तोच, पण सुदेशच्या लेखी प्रत्येक उडी वेगळी, आणि प्रत्येक उडीचा व्हिडिओ त्याला जपून ठेवायचा असतो. त्याचं खातं भरलं, मुदत संपली, मशीननं तोंड फिरवलं. "बायल मशिनीची मालकीण, आणि माका जागा नाय!" असं तो भर अंगणात ओरडला. "मालकीण नाय, राखणदार आसंय," सारिका घरातूनच म्हणाली आणि कोलंबी सोलत राहिली.

हा हट्ट तिनं माहेरून आणलेला. ती नांदगावची. तिचे वडील गंगाराम, त्यांचं हायवेच्या नाक्यावर चहाचं दुकान. दुकानात काचेचे ग्लास एकाच मापाचे. एकदा कुणी बडा साहेब गाडीतून न उतरताच म्हणाला, "मोठ्या कपात आण." गंगाराम टपरीतून म्हणाले, "मोठो कप नाय. दोन प्या." साहेबानं दोन प्याले की एकही नाही, हे सारिकेला आठवत नाही. वडिलांचा चेहरा मात्र आठवतो. त्यावर ना राग होता ना भीती, जसे रोज असत तसेच ते होते.

कणकवलीला कॉम्प्युटरचा कोर्स करून ती एका सरकारी कचेरीत कंत्राटावर लागली. तिथेही सगळ्यांच्या टेबलांना मिळून एकच डिस्क होती आणि साहेबांनी ती सिनेमांनी भरून टाकली होती. दाखल्यासाठी आलेल्या माणसाला खिडकीतून उत्तर मिळायचं, "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." एक म्हातारी डोंगरातून चालत तिसऱ्यांदा आली, तेव्हा सारिकेचं डोकं फिरलं. ती उभी राहून सगळ्या कचेरीला ऐकू जाईल अशी बोलली, "सर्व्हर डाऊन नाही आजी, साहेबांचे पिक्चर भरलेत!" म्हातारीला दाखला त्याच दिवशी मिळाला. सारिकेचं कंत्राट पुढे वाढलं नाही. लोक हळहळले, जिभेला हाड नाही म्हणून नावंही ठेवली. ती म्हणते, पुन्हा तेच बोलेन, फक्त पहिल्याच दिवशी बोलेन.

अशा बाईच्या हाती गावानं मशीन दिलं, आणि गाव कसलं, तर मानाचं. साळगण्यात पालखीला खांदा द्यायचा मान एकाचा, पहिला नारळ दुसऱ्याचा, होळीचा शेंडा तोडायचा तिसऱ्याचा. मानावरून इथं भावाभावांनी बोलणं टाकलंय. त्या गावात सारिकेनं सगळ्यांना वीस दिले आणि वर "मशिनीत मानकरी नाय" असं भिंतीवर लिहून टांगलं. कुरबुर झाली, पण टिकलं. गाव जितकं मानाचं, तितकंच दुसऱ्याला आपल्यापेक्षा जास्त मिळत नाही ना, याकडे डोळ्यांत तेल घालून बघणारं.

चुकली ती एकाच जागी. सगळ्यांची खाती उघडून झाली आणि देवस्थान समितीचा निरोप आला, की जत्रेचे फोटो, पालखीच्या वाटेचा नकाशा ठेवायला देवाच्या नावानं एक खातं हवं. सारिकेनं "रवळनाथ" हे नाव टाकलं. पुढचा रकाना हद्दीचा. बोट आकड्यावर गेलं आणि अडलं. जो सगळ्या गावाला देतो, त्याला किती द्यायचं हे आपण ठरवायचं? तिनं रकाना कोरा ठेवला, पडद्यालाच हात जोडले आणि उठली. कोरा रकाना म्हणजे मशीनच्या लेखी हद्दच नाही. आणि पासवर्ड काय, तर जत्रेची तिथी. ती गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होती.

पुढची दोन वर्षं त्या खात्याकडे कुणी मुद्दाम पाहिलं नाही. मग लवू गावड्याच्या गळ्याला गाठ आली.

लवू गावडे म्हणजे गावचं तोंड. आमच्या भागात देवापुढं उभं राहून गावाच्या वतीनं मागणं मागतात, त्याला गाऱ्हाणं म्हणतात. मागणारा एक, आणि त्याच्या दर मागण्यावर जमलेल्या सगळ्यांनी एका आवाजात "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. कुणाची होडी नवी, कुणाचं पोर दुखण्यात, कुणाच्या काजूला मोहर नाही, सगळं लवूच्या तोंडून रवळनाथाकडे जायचं. पोटापाण्याला तो भात आणि काजू करायचा. पण एकदा का देवळाच्या चौकात त्यानं आवाज लावला, की वडावरचे कावळेसुद्धा गप्प व्हायचे. त्याला मूलबाळ नव्हतं. त्याच्यामागून हा मान पुतण्याचा, समर्थचा. समर्थ मालवणात लग्नाचे फोटो काढायचा आणि गाऱ्हाण्यातलं त्याला "व्हय म्हाराजा"च्या पलीकडे काही येत नव्हतं.

गोव्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, आवाजाची पेटीच काढावी लागेल, येत्या सोमवारी या. लवूनं ते मान खाली घालून ऐकलं आणि परतताना समर्थला एवढंच विचारलं, "तुझो कॅमेरो रिकामो आसा?"

जत्रेचं गाऱ्हाणं, पेरणीचं, नव्या होडीचं, दुखण्याचं, रुसलेल्या देवाची समजूत घालायचं, सगळी त्यानं परसात उभं राहून घातली. नुसता आवाज नको, हातही दिसायला हवेत, तांदूळ कधी टाकायचे ते हातातच असतं, असं त्याचं म्हणणं. मध्ये घसा धरायचा, पाणी प्यायचा, पुन्हा उभा राहायचा. संध्याकाळी समर्थनं सगळं वाचनालयातल्या लवूच्या खात्यात उतरवलं, आणि दुसऱ्या दिवशी तारकर्लीला हळद होती म्हणून कॅमेऱ्याचं कार्ड पुसून टाकलं.

सकाळी सारिकेनं ते चित्रण उघडलं, तेव्हा लवू तिच्या शेजारी बाकावर बसला होता. पडद्यावरच्या लवूनं हात जोडले. "बा देवा रवळनाथा..." तो म्हणाला, आणि चित्र तिथंच थांबलं. पुढचं काहीच नव्हतं. बाकीच्या गाऱ्हाण्यांची नुसती नावं होती, आत शून्य. उतरवून घेताघेता डिस्क भरली होती, आणि घाईत समर्थनं शेवटची सूचना न वाचताच पडदा बंद केला होता.

"काय झाला गो?" लवूनं विचारलं. आवाज आधीच फाटका झाला होता.

सारिकेला खोटं बोलता येत नाही, आणि त्या दिवशी यायला हवं होतं असं तिला पहिल्यांदा वाटलं. "गेला काका. सगळा गेला. मशीन भरलेला होता."

लवूनं पडद्यावरच्या स्वतःच्या जोडलेल्या हातांकडे बोट केलं. मग म्हणाला, "म्हंजे परत घालूक व्हयी."

माणसाकडे उरलेला आवाज मोजका, त्यातला मोठा घास मशीननं गिळला होता. आणि मशीन भरलंच कसं? सगळ्यांचे वाटे पुरेपूर भरले तरी जागा उरेल, असा तिचा हिशोब होता. तिनं एकेक खातं तपासलं. सगळी हद्दीत. मग ती रवळनाथाच्या खात्याशी आली आणि खुर्चीत मागे टेकली.

आत देवाचं काय होतं ते शोधावं लागत होतं. ड्रोननं काढलेला तारकर्लीचा किनारा, सूर्योदय, सूर्यास्त, पोहण्याचा तलाव, त्यात उतरणारे पाहुणे, तेच पाहुणे पुन्हा वरून. हे सगळं सदानंद सामंतांच्या होमस्टेचं. सदानंद सामंत म्हणजे मालवणच्या बाजारपेठेतले हार्डवेअरचे व्यापारी, वाचनालयाचे अध्यक्ष आणि देवस्थान समितीचेही. निम्म्याहून जास्त जागा एकट्या त्यांनी धरली होती. उरलेल्या जागेत आणखी कुणाकुणाची साखरपुडी, मुंजी, पिकनिका. आणि तळाशी एका कप्प्यात, उड्या मारणारे डॉल्फिन.

ती तडक घरी गेली. सुदेश जाळं विणत बसला होता. "देवाच्या घरात घुसलंस?" तिनं विचारलं.

सुदेशनं सुई खाली ठेवली. "सगळेच ठेवतत गो," तो म्हणाला. "देवाक कोण विचारता?"

"मी विचारतंय," सारिका म्हणाली.

लवूला तिनं सांगून पाहिलं, की तोवर पेनड्राइव्हवर घेऊ, सुदेशच्या फोनात ठेवू. लवूनं मान हलवली. "गावाचा गाऱ्हाणा कोणाच्या खिशात घालून फिरवचा काय? माझो वाटो आसा ना मशिनीत? थंयच व्हयो." त्याच्या वाट्याची जागा कागदावर होती, मशीनमध्ये नव्हती. ती मिळवून देणं आता सारिकेचं काम होतं, आणि हातात सोमवारपर्यंतचे दिवस.

सदानंदभाई दुकानात रंगाच्या डब्यांमागे बसले होते. त्यांनी तिला बसायला स्टूल दिलं, थंड मागवलं, आणि शुद्ध मराठीत समजावलं. "हे बघ सारिका, लवूची अडचण मला समजते. मी वाचनालयाला नवीन मोठी डिस्क देतो. त्यावर आमच्या तात्यांचं नाव घालू. फक्त मग मागच्या खोलीची किल्ली समितीकडे राहील."

"डिस्क तुमची, म्हणजे जागाही तुमच्या मर्जीनं. नको. तुमचं सामान काढा, लवूकाकाला पुरून उरेल."

"माझं सामान?" ते हसले. "ते देवाच्या खात्यात आहे. त्याला तू हात लावू शकत नाहीस."

हात ती लावू शकत होती. किल्ली तिच्या कनवटीला होती, रात्रीतून सगळं साफ केलं असतं तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण चोरून करायचं तर आपल्यात आणि भाईंमध्ये फरक काय, असं तिला वाटलं. "मग देवाच्या खात्यालाही हद्द घालते," ती म्हणाली. "सगळ्यांसारखी वीस."

सदानंदभाईंची शुद्ध मराठी तिथंच संपली. "देवाक हद्द घालतलंस? तू? कोणाक इचारून?" दुकानात गिऱ्हाइकं होती. त्यांच्याकडे बघत भाईंनी आवाज चढवला. "देवाकच इचारूया! शनिवारी कौल लावूया. देव म्हणालो घाल, तर घाल. नाय म्हणालो, तर किल्ली थंयच ठेवायची आणि घराक जावचा!"

"लावा कौल," सारिका म्हणाली आणि थंड तसंच ठेवून बाहेर पडली.

कौल म्हणजे देवाला विचारणं. गुरव देवाच्या पाषाणाला दोन बाजूंनी ओले तांदूळ चिकटवतो, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतात, आणि मग कुठल्या बाजूचा दाणा आधी पडतो ते बघत बसायचं. उजवा पडला तर होकार, डावा पडला तर नकार. डॉक्टरांनी लवूला बोलायची बंदी केली होती, म्हणून गाऱ्हाणं दुसऱ्या कुणी घालावं, असं सारिका त्याला सांगायला गेली. तो गोठ्यात होता. "सोमवारनंतर आरामच आराम आसा, चेडवा," तो म्हणाला. "शनिवारी मीच घालतलंय."

शनिवारी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. देवाला हद्द घालणारी बाई बघायला वरच्या वाडीवरूनही माणसं उतरली होती. समर्थ खांबाला टेकून कॅमेरा लावून उभा होता. लवू पुढं झाला, गळ्याला मफलर, हातात तांदूळ. त्यानं आवाज लावला आणि तो पूर्वीचा नव्हता, खरखरत होता, पण कुणाची हूं की चूं करायची हिंमत झाली नाही.

"बा देवा रवळनाथा! तुझ्या नावाच्या खात्याक गावासारखी हद्द घालूची म्हणतत, ती तुका रुजू आसा काय नाय, ता सांग रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळे पाषाणाकडे बघत राहिले. सारिकाही. तिला आपण जिंकणार असं कधी वाटलं नव्हतं. पण आतल्या आत तिनंही मागणं मागितलं, आपल्या किल्लीसाठी नाही, लवूच्या जागेसाठी.

डावा दाणा पडला.

गर्दीतून सुस्कारा गेला. देवाला हद्द मंजूर नव्हती. सदानंदभाईंनी डोळे मिटून नमस्कार केला, उघडले ते थेट सारिकेकडे बघत. तिनं कनवटीची किल्ली सोडली, पुढं आली आणि गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर ठेवली. बाईमाणसानं कौलाच्या वेळी बोलायची रीत नव्हती. बोलू नये असा नियमही नव्हता. ती बोलली.

"कौल मान्य. देवाक हद्द नाय. म्हणजे देवाच्या खात्यात जा काय आसा, ता सगळा देवाचा. कोणाच्या होमस्टेचा नाय, कोणाच्या मुंजीचा नाय, माझ्या घोवाच्या माशांचा पण नाय. बरोबर मां, भाई? आणि देवाची वस्तू गावाक उघडी असता. ज्येका वाटात त्येना खाता उघडूचा आणि दर्शन घेवचा. पासवर्ड सगळ्यांका म्हायतच आसा." मग ती लवूकडे वळली. "काका, येक गाऱ्हाणा ऱ्हवला."

लवूच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. मानकरी एकमेकांकडे बघायला लागले होते, पण गाऱ्हाणं सुरू झालं की मध्ये कुणाला बोलता येत नाही. लवूनं मफलर सैल केला.

"बा देवा रवळनाथा! तुझ्या खात्यात जा काय आसा ता तुझा झाला, ता गावान मान्य केला!"

"व्हय म्हाराजा!"

"ता तुझ्या देवळासारख्या सगळ्या गावाक उघडा ऱ्हवतला!"

"व्हय म्हाराजा!"

"कोणाचा कायव चुकान तुझ्या घरात ऱ्हवला असात, तर त्येका आज सांजेच्या आरतीपर्यंत मुदत दी! आरतीनंतर जो कोण तुझ्यातला काय काडून नेयत, त्येचो जाब तू घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

ह्या शेवटच्या हाकेला सगळ्यांत मोठा आवाज कुणाचा लागला म्हणता? सदानंद सामंतांचा. लहानपणापासूनची सवय, गाऱ्हाणं कानावर पडलं की तोंड आपोआप उघडतं. बोलून झाल्यावर त्यांना कळलं आपण काय बोललो, आणि मग त्यांचा चेहरा जो झाला तो समर्थच्या कॅमेऱ्यात अजून आहे.

देवळातून माणसं घरी गेली नाहीत, वाचनालयात गेली. देवाच्या घरातलं आपलं सामान आरतीआधी बाहेर काढायची ही झुंबड उडाली. कुणी मुंज काढून नेतोय, कुणी साखरपुडा, आणि नेऊन ठेवणार कुठे, तर ज्याच्या त्याच्या वीसमध्ये. मग वीसमधलं जुनं काय टाकायचं यावरून नवरा-बायकोंत भांडणं. सुदेशही रांगेत उभा होता. सारिकेनं त्याच्याकडे ओळख दाखवली नाही. त्यानं एक उडी ठेवली, बाकी सगळ्या सोडून दिल्या, आणि बाहेर पडताना म्हणाला, "बरी होती ती." तिला हसू आलं, पण तिनं ते दाबलं.

सदानंदभाई सगळ्यांत शेवटी आले, ऊन उतरल्यावर. पडद्यासमोर बसले. तलाव पुसला, पाहुणे पुसले, सूर्योदय-सूर्यास्त पुसले. एका जुन्या चित्रणापाशी थांबले. त्यांची आई गणपतीपुढं बसून मोदक वळत होती. "ह्या ऱ्हवात काय गो?" त्यांनी विचारलं.

"माका विचारू नकात," सारिका म्हणाली, पण हळू आवाजात. "तुमचे वीस. तुमका काय व्हया ता ठेवा."

त्यांनी आई ठेवली. घंटा वाजायला लागली तेव्हा ते उठले.

आरतीनंतर सारिकेनं रवळनाथाचं खातं उघडून पाहिलं. जत्रेचे फोटो होते, पालखीच्या वाटेचा नकाशा होता, आणि संपलं. देवाचं स्वतःचं सामान दोन जीबीसुद्धा भरत नव्हतं. सगळ्या गावात कमी जागा त्यालाच लागत होती. ती रिकाम्या वाचनालयात एकटीच मोठ्यानं हसली.

राहता राहिली किल्ली. ती देवाच्या उंबऱ्यावर तशीच पडून होती. अट भाईंचीच होती, उचलायची तर त्यांनीच. पण जाबाचं गाऱ्हाणं ऐकल्यावर देवापुढची वस्तू उचलायला त्यांचा हात होईना. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरवानं ती नारळाच्या अर्ध्या भकलात घालून सारिकेच्या ओंजळीत टाकली. "प्रसाद आसा," तो म्हणाला. "नाय म्हणू नको."

त्याच रविवारी लवूनं सगळी गाऱ्हाणी पुन्हा घातली. जत्रेच्या गाऱ्हाण्यात एकदा खोकल्याची उबळ आली, म्हणून ते त्यानं दोनदा घातलं. समर्थनं ह्या वेळी शेवटची सूचना वाचली, मोठ्यानं वाचली. सारिकेनं विचारलं, की गाऱ्हाणी देवाचीच आहेत, देवाच्या खात्यात ठेवूया का, तिथं हद्दही नाही. लवू चिडला. चिडायला आवाज उरला नव्हता तरी चिडला.

"माझ्या नावार ठेव! देव ऐकणारो. बोलणारो मी होतंय."

सोमवारी तो गोव्याला गेला. परत आला तो गळ्याला भोक आणि त्यावर पांढरी पट्टी घेऊन. बोलणं नाही, कुजबूजसुद्धा नाही. पण मान ताठ. लोक कीव करायला गेले की काठी आपटून त्यांना वाटेला लावायचा. दुपारी मात्र वाचनालयात यायचा, आपलं खातं उघडायचा आणि आवाज मोठा करून आपलंच गाऱ्हाणं ऐकत बसायचा. खोलीत जे कोण असतील, अभ्यासाला बसलेली पोरं, पेपर वाचणारे म्हातारे, सगळे काम न थांबवता "व्हय म्हाराजा" म्हणायचे.

गेल्या जत्रेला समर्थनं पहिल्यांदा गाऱ्हाणं घातलं. चुकतमाकत, दोन जागी अडखळून. पण घातलं. दुसऱ्या दिवशी लवू त्याला दंडाला धरून वाचनालयात घेऊन आला आणि त्याचं चित्रण आपल्या खात्यात ठेवायला लावलं. मधल्या काळात समर्थची शिकवणी, तालमी, सगळं लवूनं आपल्याच खात्यात जमवलं होतं. पडद्यावर पिवळी पट्टी आली. पोट भरला. जुना काय ता काढ, मगेच नवा घाल.

सारिकेनं ती पट्टी पाहिली, लवूच्या गळ्याची पट्टी पाहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिचं बोट आपणहून हद्दीच्या रकान्याकडे गेलं. वीसचे पंचवीस करायला कितीसा वेळ लागतो? आणि ह्या माणसाच्या बाबतीत गावात कोण बोललं असतं?

काठी फाडकन टेबलावर आपटली. लवू तिच्याकडे डोळे वटारून बघत होता. त्यानं भिंतीवरच्या पाटीकडे काठी रोखली, मशिनीत मानकरी नाय, मग दोन्ही हातांची बोटं तिच्या नाकापुढं धरून उघडली, मिटली, पुन्हा उघडली. वीस.

सारिकेनं हात मागे घेतला. "बरा," ती म्हणाली. "वीस तर वीस."

त्यानं खुर्ची पुढं ओढली आणि आपली गाऱ्हाणी एकेक करून बघितली. जत्रेची दोन होती. त्यातल्या खोकल्यावाल्यावर तो थांबला. खोकल्याआधीचा त्यातला आवाज दुसऱ्यापेक्षा चांगला होता, मोकळा, भरदार, पूर्वीसारखा. हे सारिकेलाही माहीत होतं, कारण रोज दुपारी तो तेच ऐकायचा. "काका, ता नको," ती म्हणाली. तोवर त्यानं पुसलं होतं.

जागा झाली. समर्थचं गाऱ्हाणं आत गेलं, पूर्ण. लवूनं ते लगेच लावायची खूण केली आणि हात जोडून उभा राहिला. स्पीकरच्या पेटीतून पोराचा आवाज आला, जरा कापरा, "बा देवा रवळनाथा!" लवूचे ओठ हलले, नुसतेच हलले.

मग सारिका खुर्चीतून उठली आणि लवूच्या आणि आपल्या, दोघांच्या वाटचं एकटीनं म्हणाली, बाहेर रस्त्यापर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं, "व्हय म्हाराजा!"